सहा पेन्स आणि दगडातली पावलं: रेव्हरंड हेन्री डंकन

ऋतुचक्रात ईश्वराची करणी शोधणारा हेन्री डंकन यांचा चार खंडांचा ग्रंथ 1836-37 मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. हिवाळ्यापासून सुरुवात करून वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पाठ, अशी त्याची मांडणी. आज तो कोणी सहसा उघडत नाही. लेखक मात्र विसरण्याजोगा नाही.

जन्म 1774, स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येला, चर्चच्या पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या घरात. लिव्हरपूलच्या बँकेत तीन वर्षं काढली, पण मन रमलं नाही. 1799 मध्ये रुथवेल या गरीब गावचे पाळक झाले. बँकेतलं शिक्षण तिथे कामी आलं. मोठ्या बँका 10 पौंडांखालची ठेव घेत नसत, आणि मजुराच्या गाठीला एवढे पैसे कुठून असणार? 1810 मध्ये डंकन यांनी सहा पेन्सपासून ठेवी घेणारी बचत बँक काढली. पैशांच्या पेटीला तीन कुलपं होती आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, त्यामुळे खुद्द पाळकालाही ती एकट्याने उघडता येत नसे!

मूर्तिपूजेचं चिन्ह म्हणून 1640 च्या दशकात फोडलेला गावचा प्राचीन दगडी क्रूसही त्यांनीच तुकडे जमवून पुन्हा उभा केला.

पण त्यांची खरी नजर दिसते ती कॉर्नकॉकल म्यूरच्या खाणीतल्या तांबूस वालुकाश्मावर. तिथल्या एका फरशीवर कुठल्याशा प्राण्याच्या पावलांची रांग उमटलेली होती. डंकन यांनी त्याबद्दल ऑक्सफर्डचे भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांना लिहिलं. बकलंड यांनी चक्क मळलेल्या मऊ कणकेवरून कासवं चालवून ठसे ताडून पाहिले. 1828 मध्ये डंकन यांचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. जीवाश्म पावलांवरचं हे अगदी सुरुवातीचं शास्त्रीय लेखन. हे ठसे पर्मियन काळातले, म्हणजे 25 कोटी वर्षांहून जुने, हे पुढे ठरलं. दगड फार जुना म्हणून डंकन यांची श्रद्धा डळमळली नाही. त्यांच्या लेखी तोही निर्मात्याचाच पुरावा. उत्क्रांतीवरचा डार्विनचा ग्रंथ यायला 1828 मध्ये अजून तीन दशकं होती.

1843 मध्ये पाळक नेमण्याच्या जमीनदारांच्या हक्कावरून चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन त्याच फुटीत वेगळ्या निघालेल्या फ्री चर्चकडे गेले. डंकनही गेले, 44 वर्षांचं घर आणि पगार सोडून जवळच नवं चर्च उभारलं. 1846 मध्ये ते वारले.