घरदुरुस्ती आणि घरसुधारणा : आयकरातील भेद

भारतीय आयकरात घरावरच्या खर्चाचे दोन प्रकार धरले जातात. वास्तू आहे त्या स्थितीत राखण्याचा खर्च म्हणजे दुरुस्ती : रंगरंगोटी, गिलावा, गळक्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग. वास्तूत भर घालणारा किंवा तिची रचना बदलणारा भांडवली खर्च म्हणजे सुधारणा : वाढीव मजला, नवी खोली.

भाड्याने दिलेल्या घरासाठी दुरुस्तीची पावती लागतच नाही. भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. वर्षानुवर्षे भिंतींना चुन्याचा हात न लावणाऱ्या मालकालाही ती तेवढीच मिळते.

स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीखर्चाला वजावट नाही. सवलत आहे ती कर्जाच्या व्याजाला, तीही फक्त जुन्या करप्रणालीत. खरेदी-बांधकामाच्या कर्जावर ही मर्यादा वर्षाला २ लाख रुपये, तर दुरुस्तीच्या कर्जावर ३०,००० रुपये, आणि तेही त्या २ लाखांतच. २०१४ मध्ये पहिली मर्यादा दीड लाखावरून वाढवली, दुसरीला मात्र हात लावला नाही. आज ३०,००० रुपयांत एका फ्लॅटचा रंगही जेमतेम होतो.

सुधारणेचा लाभ मिळतो तो घर विकताना. तिचा खर्च मूळ किमतीत मिळवला जातो आणि भांडवली नफा तितका घटतो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सुधारणा मोजत नाहीत. २०१०-११ मध्ये ५ लाखांत चढवलेला मजला २०२४-२५ च्या विक्रीत महागाई निर्देशांकाने (१६७ वरून ३६३) सुमारे १०.८७ लाखांचा ठरतो. मात्र २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीत दीर्घकालीन भांडवली नफ्यावर निर्देशांकाविना १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांपुरता करदृष्ट्या भारतात निवासी असलेल्या व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबांना निर्देशांकासह २० टक्क्यांनी हिशेब करून कमी येईल तो कर भरता येतो.

सीमारेषेवर वाद होतात. बल्लीमल नवलकिशोर खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाचे संपूर्ण नूतनीकरण ‘चालू दुरुस्ती’ मानले नाही. हा निकाल व्यवसायाच्या इमारतीचा. तिथे खर्च दुरुस्तीत बसवण्याकडे मालकाचा कल असतो, कारण त्याच वर्षी वजावट मिळते. घर विकणाऱ्याचा कल नेमका उलटा, आणि सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. ठेकेदाराची बिले, बँकेतून दिलेल्या रकमा आणि मंजूर नकाशा इथे उपयोगी पडतात. गवंड्याला रोखीने दिलेली मजुरी बहुधा हिशेबाबाहेरच राहते.