खुंटी वेगळी, डॉवेल वेगळा

गोव्यात आमच्या डिचोलीच्या घरी सोप्यावर शिसवी लाकडाची एक वेताची खुर्ची आहे. पुढच्या पायांत आडवी पट्टी जिथे शिरते, तिथे बाहेरून वाटाण्याएवढा गोल ठिपका दिसतो. येणारा-जाणारा त्यावर बोट ठेवून म्हणतो, "डॉवेलचं काम. जुनं आहे." जुनं आहे हे खरं. डॉवेल मात्र नव्हे, ती खुंटी. दोन्ही लाकडाच्याच गोल काड्या आणि दोन्हींत खिळ्याचं नाव नाही, त्यामुळे गल्लत होते. कामं मात्र दोघांची अगदी निराळी.

डॉवेल हा स्वतःच जोड असतो. दोन्ही लाकडांना समोरासमोर भोकं पाडायची, अर्धी काडी इकडे, अर्धी तिकडे, मध्ये फेव्हिकॉल. नेहमीचा डॉवेल ८ मिलिमीटर जाड आणि ४० लांब, म्हणजे प्रत्येक बाजूला २० मिलिमीटर. अंगावरच्या खाचा शोभेच्या नाहीत, भोकात कोंडलेली हवा आणि जादा गोंद त्यातून वर येतो. जोड बसला की डॉवेल बाहेरून दिसत नाही. तेव्हा ठिपका दिसला की साधा डॉवेल तिथे नाही, असं धरून चालायला हरकत नाही.

खुंटीच्या बाबतीत जोड आधीच झालेला असतो. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे बारीक केलेली जीभ, काढलेलं असतं, पायात त्याच्या मापाची खोबण असते, कुसू खोबणीत बसतं. ते परत बाहेर येऊ नये म्हणून आडवी मारतात ती खुंटी. खरी गंमत भोकात आहे. आधी पायाला खोबणीच्या आरपार भोक पाडतात. मग कुसू आत घालून गिरमिटाच्या टोकाने त्यावर खूण करतात, आणि कुसू बाहेर काढून त्याचं भोक खुणेवर न पाडता खांद्याच्या (कुसवाच्या मुळाशी पायाला टेकणाऱ्या कडेच्या) बाजूला दीडेक मिलिमीटर सरकवून पाडतात. भोकं मुद्दाम चुकवलेली! टोकाशी निमुळती केलेली खुंटी मोगरीने ठोकली की ती त्या वाकड्या वाटेने जाताना स्वतः किंचित वाकते आणि पट्टीला पायाकडे ओढून धरते. गोंद नसला तरी खांदा पायाला घट्ट चिकटतो. यासाठी खुंटी करवतीने न कापता लाकूड चिरून काढतात, म्हणजे तिच्या तंतूंच्या रेषा अखंड राहतात. रेषा तुटलेली खुंटी वळणावर मोडते.

खुंटी ओढते, डॉवेल ओढत नाही. डॉवेल फक्त जागा दाखवतो, बाकी सगळा भार गोंदावर. मॉड्युलर किचनची कपाटं जोडताना डॉवेलच्या शेजारी मिनिफिक्स (फिरवून आवळायचा धातूचा जोड) लावतात ते याचसाठी: नेमकं बसवायचं काम डॉवेलचं, आवळायचं मिनिफिक्सचं.

आता आपल्याकडचा पाऊस. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. लाकूड फुगतं-आटतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच. पट्टीत डॉवेल रेषांच्या दिशेनेच बसतो, तिथे दोघं बरोबर फुगतात. पायात मात्र तो रेषांना आडवा शिरतो. गोल काडी एका अंगाने फुगते, गोल भोक दुसऱ्या, आणि मधला गोंदाचा पापुद्रा दर वर्षी चरकातून निघतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. त्या खुर्चीला जोडी होती. दुसरीची पट्टी हलू लागली म्हणून दुरुस्तीला दिली, तर कारागिराने खुंटी काढून टाकली, जुनं कुसू कापलं आणि दोन डॉवेल घालून दिले. दिसायला इतकं स्वच्छ काम की मीही खूश झालो. पुढच्या गणेश चवथीला पाहुणे बसले, मागे रेलले, आणि कट्ट! पट्टी सुटून बघतो तर दोन्ही डॉवेल पट्टीत घट्ट, पायातली दोन भोकं मात्र रिकामी, आत गोंदाची चकचकीत साल. कापलेलं कुसू काही परत येत नाही. टोकाला कुसू असलेली नवी पट्टीच पायात घालावी लागली.

जुन्या सुतारांना (आमच्या कोकणीत थवय) गोंदाचा भरवसा नव्हताच. त्यांच्याकडे सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद) होता, आणि ओल लागली की सरस मऊ पडतो. भार कुसवाने घ्यायचा आणि खुंटीने धरून ठेवायचा, अशी वाटणी. दुरुस्तीलाही ते सोयीचं: आरपार गेलेली खुंटी मागून ठोकून काढा, जोड सुटा होतो. फेव्हिकॉलचा डॉवेल काढायचा म्हणजे भोक नव्याने पाडणंच आलं.

तरी डॉवेलला नावं ठेवायची नाहीत. फळ्या कडेला कड लावून टेबलाचा माथा करताना, प्लायच्या पेटीला, भिंतीतल्या शेल्फला मी बिनदिक्कत डॉवेलच वापरतो. तिथे ओढ नसते, लाकूड हिसडत नाही. खुर्ची, पलंग, दाराची चौकट इथे खुंटी. आणि माटोळीची (चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिची) चौकट लाकडाची करून घेणार असाल तर कोपऱ्यांना डॉवेल नकोच. नारळ, पोफळीचे घोस, तवशी, सगळं खाली लोंबकळतं, तेही पावसाने हवा सर्वांत दमट झालेली असताना. कुणाला बाहेरून ठिपका नको असेल तर भोक आतल्या अंगाने पाडून दर्शनी बाजूच्या अलीकडे थांबवता येतं. खुंटी लपते आणि काम तेच करते.

ठिपका असून खुंटी नाही, असंही होतं: स्क्रूवर लाकडी बूच. ओळखायला ठिपक्याचा माथा बघा. खुंटीचा माथा म्हणजे काडीचा आडवा छेद, त्यात बारीक छिद्रं दिसतात आणि पॉलिश पिऊन तो शेजारच्यापेक्षा काळपट होतो. बुचावर मात्र पायासारख्याच उभ्या रेषा असतात, कारण ते लपावं म्हणूनच तसं कापलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत पाय आटतो, खुंटी लांबीत आटत नाही, तेव्हा डोळे मिटून बोट फिरवलं तरी ती किंचित वर आलेली लागते. सोप्यावरच्या आमच्या खुर्चीवर आत्ता लागतेय.