बारावी कुठे झाली, तीच तुमची होम युनिव्हर्सिटी: सातारा-सांगलीच्या मुलांसाठी

रेशनकार्ड कोरेगावचं, घर कोरेगावात, दहावीही तिथलीच. पण बारावी पुण्याच्या ज्युनिअर कॉलेजातून झाली असेल, तर इंजिनीअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, त्या मुलाची होम युनिव्हर्सिटी (प्रवेशासाठी त्याचं धरलं जाणारं विद्यापीठ) कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ राहत नाही, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ होते. बारावी लातूरला केली तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेला आणि महाराष्ट्रात जन्मलेला किंवा इथला अधिवास असलेला उमेदवार ‘टाइप ए’ मध्ये येतो आणि त्याची होम युनिव्हर्सिटी ठरवताना बारावीचं कॉलेज कुठल्या जिल्ह्यात आहे एवढंच पाहतात. क्लास पुण्यात आणि कॉलेज साताऱ्यातलं अशी सोय केली असली तरी गुणपत्रिकेवरचं कॉलेजच धरलं जातं, होस्टेल नव्हे. म्हणून हा हिशोब अकरावीचा फॉर्म भरतानाच करा.

फरक पडतो तो खासगी विनाअनुदानित कॉलेजांत. तिथे राज्याच्या वाट्याच्या कॅप जागांपैकी 70 टक्के होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये सांगलीत बारावी केलेला मुलगा 70 टक्क्यांत बसतो, पुण्याच्या पीआयसीटी या खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात मात्र तोच मुलगा 30 टक्क्यांत. पुण्यात बारावी केली की चित्र बरोबर उलटं.

मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना यादीतल्या जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर आधी बघा. ‘जीओपीईएनएच’ (GOPENH) म्हणजे खुल्या गटातली होम युनिव्हर्सिटीची जागा, शेवटी ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांची, ‘एस’ असेल तर राज्यस्तरावरची. अनेक पालक ‘एच’ चा आकडा बघून पुण्याची कॉलेजं वर टाकतात. सातारा-सांगलीत बारावी केलेल्या मुलाला तिथे लागू असतो ‘ओ’ चा आकडा, आणि मागणीच्या शाखांना तो बहुधा चढा असतो. पसंतीक्रम इथेच चुकतो.

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी आणि पुण्याचं सीओईपी या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या जागा राज्यस्तरावर भरतात. वालचंदला सांगलीकरांना झुकतं माप मिळतं, हा गैरसमज आहे.

राजस्थानातल्या कोटा शहरात बारावी केलेली मुलं, किंवा जत-मिरजेकडची सीमेपलीकडे अथणी, विजयपूरला दहावी केलेली मुलं ‘टाइप ए’ मध्ये येत नाहीत. त्यांना ‘टाइप बी’ चा आधार: स्वतःचं, वडिलांचं किंवा आईचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र. इथे होम युनिव्हर्सिटी अधिवासाच्या ठिकाणावरून ठरते. हा कागद नसेल आणि पुढचे ‘टाइप सी’, ‘टाइप डी’ ही लागू नसतील तर मूल महाराष्ट्राबाहेरचं धरलं जातं आणि राखीव प्रवर्गाचा लाभही जातो. आई किंवा वडील केंद्र सरकारच्या नोकरीत असून महाराष्ट्रात रुजू असतील तर ‘टाइप सी’, राज्य सरकारच्या नोकरीत असतील तर ‘टाइप डी’.

वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रासाठी महा ई-सेवा केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून तहसीलला अर्ज करा. राज्यातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. सेवा हमीची मुदत 15 दिवसांची असली तरी निकालानंतर तहसीलला गर्दी उसळते. एप्रिलमध्येच अर्ज टाका.

बाकी कागद नेहमीचे: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असेल तर जातीचे कागद. दाखला नीट वाचा. राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ असं छापलेलं हवं, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह हवं. नुसतं गावाचं नाव असेल तर छाननीत अर्ज परत येऊ शकतो. शाळेतून दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम आधी उरका.

एमबीबीएसचं गणित वेगळं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा 70:30 चा प्रादेशिक कोटा 2020 मध्ये रद्द झाला. त्यामुळे मिरज किंवा साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्थानिक म्हणून फायदा नाही आणि लातूर, नांदेडला तोटाही नाही. राज्याच्या 85 टक्के जागांसाठी मात्र दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र वेगळं. सवलत मोजक्यांनाच आहे, त्यात मुख्यतः सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं येतात. जतच्या मुलाने दहावी विजयपूरला केली असेल, तर इंजिनीअरिंगला ‘टाइप बी’ ने भागतं, एमबीबीएसला भागत नाही. सीमेलगतच्या पालकांनी आठवी-नववीतच याचा विचार केलेला बरा.

इंजिनीअरिंगचा अर्ज निश्चित झाल्यावर मिळणाऱ्या पावतीवर उमेदवारीचा टाइप आणि होम युनिव्हर्सिटी छापलेली असते. तात्पुरत्या गुणवत्ता यादीतही त्याच दोन नोंदी पुन्हा तपासा. चूक दिसली तर तक्रारीच्या दोन-तीन दिवसांतच लॉगिनमधून कळवा. अंतिम यादी लागली की ती नोंद बदलत नाही.