एकदा लिहून सगळीकडे चालवण्याची खटपट: ओपन सोर्स प्लॅटफॉर्मच्या निवडीमागचा इतिहास

कळमना बाजारातल्या संत्र्याच्या अडतीसाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर करायचे म्हटले, तर ते एकाच यंत्रावर चालून भागत नाही. गाळ्यातल्या जुन्या संगणकावर विंडोज असते, काट्याजवळ उभ्या असलेल्या मुनिमाच्या हातात अँड्रॉइड फोन असतो आणि मालकाच्या मुलाला तोच हिशोब आयफोनवर पाहायचा असतो. नागपुरातल्या चार-पाच जणांच्या कार्यालयाला तीन वेगळे कोड सांभाळणे परवडत नाही, म्हणून सगळीकडे चालणारा ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना पाहता, बदलता आणि वाटता येतो असा) प्लॅटफॉर्म शोधणे ओघानेच येते. हा शोध सहसा वेगवान कोणता आणि शिकायला सोपा कोणता, या प्रश्नांपासून सुरू होतो. गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर पहिला प्रश्न परवान्याचा आणि मालकीचा असायला हवा.

यातले सर्वांत बोलके उदाहरण क्यूटी या, एकाच कोडातून अनेक यंत्रणांसाठी सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनाचे आहे. नॉर्वेतल्या ट्रोलटेक कंपनीने 1995 साली ते बाजारात आणले आणि 1996 मध्ये मथियास एट्रिक यांनी लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीसाठी केडीई हा डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या आणि मेन्यूंचा संच) त्यावरच उभारायला घेतला. क्यूटीचा कोड लिनक्सवर फुकट मिळत होता, पण त्यात बदल करून तो वाटण्याची मुभा नव्हती. फुकट आणि मुक्त यांतल्या या फरकावरून एवढे रण माजले, की 1997 मध्ये ग्नोम हा प्रतिस्पर्धी डेस्कटॉप जन्माला आला. त्यानंतर 1998 मध्ये ट्रोलटेक आणि केडीई यांनी एक प्रतिष्ठान स्थापून करार केला: कंपनीने मुक्त आवृत्ती बंद केली, तर प्रतिष्ठानाला तो कोड सैल, म्हणजे फारशा अटी नसलेल्या परवान्याखाली खुला करता येईल. पुढे 2000 मध्ये क्यूटीला जीपीएल (बदलून वाटलेला कोडही मुक्तच ठेवायला लावणारा) परवाना आला, 2008 मध्ये नोकियाने कंपनी विकत घेतली, 2009 मध्ये एलजीपीएल या त्याहून सौम्य परवान्याचा पर्याय मिळाल्याने बंदिस्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांचीही सोय झाली आणि 2012 मध्ये नोकियाने क्यूटी डिजिया या कंपनीला विकले. मालक बदलत गेले तरी करार टिकला. माझ्या मते क्यूटीच्या तांत्रिक गुणांइतकेच श्रेय या कागदाला द्यावे लागेल.

सन कंपनीची जावा ही सगळीकडे चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषाही 1995 चीच; पण तिचा कोड जीपीएलखाली खुला व्हायला 2006 साल उजाडले.

मोबाइलच्या काळात हाच खेळ अधिक वेगाने झाला. फोनगॅप हे वेबच्या कोडातून मोबाइल ॲप बनवण्याचे साधन 2011 मध्ये अडोबीकडे गेले आणि त्याचा कोड मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवला जाऊन त्याचे कॉर्डोवा झाले. त्यामुळे 2020 मध्ये अडोबीने हात काढून घेतल्यावरही कॉर्डोवा चालू राहिले. झामारिन हे मोबाइल ॲप बनवण्याचे दुसरे साधन 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतले आणि मे 2024 मध्ये त्याचा आधार बंद केला. फेसबुकच्या रिॲक्ट या पडदे रचण्याच्या लायब्ररीच्या (तयार कोडसंचाच्या) परवान्यातले पेटंटविषयक कलम अपाचीने 2017 मध्ये अमान्य केले, तेव्हा काही आठवड्यांतच कंपनीला रिॲक्टसाठी एमआयटी हा सैल परवाना स्वीकारावा लागला. गुगलचे फ्लटर हे ॲप बनवण्याचे साधन डिसेंबर 2018 मध्ये 1.0 या आवृत्तीला पोहोचले, ते पहिल्यापासून सैल बीएसडी परवाना घेऊनच.

फ्लटर पडद्यावरची अक्षरे स्वतः काढते, रिॲक्ट नेटिव्ह हे रिॲक्टचे मोबाइल रूप ती फोनच्या मूळ यंत्रणेकडून काढून घेते. मराठी पट्टी (हिशोबाची पावती) छापणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा वाटेल. पण अँड्रॉइडवर दोन्हीकडे ‘शेतकऱ्याचे नाव’ साधारणपणे नीट उमटते, याचे कारणही परवान्यातच आहे. जोडाक्षरे जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी क्यूटी आणि ग्नोम या जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या सामायिक कोडातून वाढली, आणि तिचा परवाना एमआयटी प्रकारचा असल्याने अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, फ्लटर या सगळ्यांना ती बिनदिक्कत घेता आली.

एक अडचण मात्र उरतेच. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावलेले असते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; पण मुनिमाच्या फोनवर एका पद्धतीने टंकलेले नाव गाळ्यातल्या संगणकावर दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर सापडत नाही आणि एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडली जातात. ही दुरुस्ती नोंद साठवण्यापूर्वी आपल्याच कोडात करावी लागते, मग प्लॅटफॉर्म कोणताही निवडा.