डीएनए सेन्सर पॉझिटिव्ह म्हणजे जंतू जिवंतच आहेत असं नाही
डीएनए बायोसेन्सर, म्हणजे नमुन्यात एखाद्या जंतूचा डीएनए आहे का ते शोधणारं उपकरण, त्याबद्दल एक समज कधीपासून फिरतोय, की नमुन्याचा थेंब टाकला की तो जिवंत बॅक्टेरिया पकडतो आणि लगेच सांगतो. दोन्ही चूक आहे, आणि पहिली चूक जास्त त्रास देते.

आत काय होतं ते बघा. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा साधारण 20-30 बेसचा (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) एकेरी धागा, म्हणजे प्रोब, सल्फरच्या बंधाने चिकटवलेला असतो, समजा तो साल्मोनेला या बॅक्टेरियाच्या एका जीनला जुळणारा आहे, मग नमुन्यातून तोच तुकडा आला की ए ला टी, जी ला सी अशी जोडी जमते आणि करंट बदलतो. सेन्सरला कळतं ते एवढंच! तुकडा जिवंत पेशीतला की अँटिबायोटिकने मेलेल्या, हे त्याला समजत नाही, कारण डीएनए चिवट असतो, बॅक्टेरिया मेल्यावरही मागे राहतो. म्हणून उपचारानंतर पॉझिटिव्ह आलं तर औषध लागू पडलं नाही असं परस्पर ठरवू नका प्लीज, डॉक्टरांना विचारा.

जिवंत आणि मेलेल्यांत फरक करायचाच असेल तर पीएमए नावाचा डाय, म्हणजे रंगद्रव्य, वापरतात, तो फाटक्या पेशीत शिरतो आणि प्रकाश पडला की डीएनएला पक्का चिकटतो, मग चाचणीसाठी डीएनएच्या कॉपी वाढवताना या मेलेल्या पेशींच्या डीएनएच्या कॉपी होत नाहीत. किंवा डीएनएऐवजी आरएनए (पेशीतला डीएनएसारखाच दुसरा रेणू) शोधतात, तो लवकर तुटतो, म्हणून मेलेल्या पेशीत फार टिकत नाही.

आणि ‘लगेच’चं म्हणाल तर आधी पेशी फोडायची, दोन धागे सुटे करायचे, बहुतेकदा कॉपी वाढवायच्या, खरा वेळ या तयारीतच जातो.