जिथे पृथ्वीची मोजणी थांबली

युक्रेनच्या नकाशावर नैऋत्येचं अगदी टोक बघा. काळ्या समुद्राला मिळण्याआधी डॅन्यूब नदीला फाटे फुटतात. त्यातल्या उत्तरेकडच्या किलिया फाट्यावर इझमाईल हे बंदर आहे. पलीकडचा काठ रुमानियाचा. इझमाईलच्या अगदी जवळ स्तारा नेक्रासिव्का नावाचं लहानसं गाव आहे. सपाट माळ, काळी माती, आसपास गोड्या पाण्याची मोठाली सरोवरं. नजर अडेल असा डोंगर कुठेच नाही.

गावाचं नाव इग्नात नेक्रासोव्हवरून आलं. डॉन नदीकाठचा हा कोसॅक पुढारी १७०८ मध्ये झारविरुद्धचं बंड फसल्यावर आपल्या माणसांना घेऊन आधी कुबान नदीकडे गेला. त्याच्या अनुयायांचे वंशज पुढे तुर्कांच्या राज्यात, डॅन्यूबच्या तोंडाशी येऊन मासेमारी करू लागले. रशियन चर्चने सतराव्या शतकात केलेल्या सुधारणा त्यांना मान्य नव्हत्या. क्रुसाची खूण तीन बोटांनी करायची की दोन, एवढ्यावरून घरदार सोडावं लागलेली ही माणसं. ‘स्तारा’ म्हणजे जुनी. याच भागात ‘नोव्हा’, म्हणजे नवी नेक्रासिव्काही आहे.

विज्ञानाच्या इतिहासात हे गाव आलं ते एका मोजणीमुळे. नॉर्वेतल्या हॅमरफेस्टपासून या गावापर्यंत साधारण एकाच रेखावृत्तालगत २,८२० किलोमीटरची त्रिकोणांची साखळी १८१६ ते १८५५ या काळात आखली गेली. खगोलशास्त्रज्ञ फ्रिडरिश स्ट्रूव्ह आणि लष्करी मोजणी अधिकारी कार्ल टेनर हे तिचे मुख्य कर्ते. तब्बल २५८ त्रिकोण! पृथ्वी ध्रुवांशी किती चपटी आहे, हे त्यातून काढायचं होतं.

रीत तशी सोपी. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. म्हणून जमिनीवर मोजायची फक्त एखादी आधाररेषा. पुढे थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने कोन घेत जायचं. पण त्या एकेका रेषेची काळजी किती घ्यावी लागे! जेमतेम चार मीटर लांबीच्या लोखंडी पट्ट्या कापूस-कापडात गुंडाळून लाकडी पेट्यांत ठेवत आणि प्रत्येकीचं तापमान नोंदत. कारण लोखंड उन्हाने वाढतं. पाच किलोमीटरच्या रेषेत तापमान मोजताना एका अंशाची चूक झाली तरी सहा सेंटीमीटरचा फरक पडतो, आणि तो पुढच्या प्रत्येक त्रिकोणात झिरपत जातो. दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून ठरवत.

गणित आपणही करून पाहू. दोन टोकांत अंतर २५ अंश २० मिनिटं. २,८२० ला त्याने भागलं की एक अंश सुमारे १११.३ किलोमीटरचा येतो. विषुववृत्ताजवळ तोच अंश ११०.६ किलोमीटर भरतो. ध्रुवांकडे पृथ्वी चपटी, म्हणजे तिचं वळण कमी, म्हणून तिथला अंश लांब भरतो. पृथ्वीचा चपटेपणा या पाऊण किलोमीटरात आहे.

मात्र एकट्या युरोपच्या मापाने हे सिद्ध होत नाही, तुलनेला कमी अक्षांशावरचं माप लागतं. ते आपल्याकडे चाललं होतं. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासला सुरू केलेली मोजणी उत्तरेकडे सरकत होती. त्याच कामात असताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. १८६६ मध्ये अलेक्झांडर क्लार्क यांनी पृथ्वीचा आकार काढला, तेव्हा या युरोपातल्या साखळीची आणि भारताची, दोन्ही मापं त्यात होती. हिंगणघाट आणि नेक्रासिव्का ही नावं एकाच वहीत यावीत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मोजणी संपली आणि पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, पॅरिसच्या तहाने हा प्रदेश रशियाकडून शेजारच्या मोल्दाव्हिया संस्थानाकडे गेला. १८७८ मध्ये परत रशियाकडे, १९१८ मध्ये रुमानियाकडे, १९४० मध्ये सोव्हिएत संघाकडे, युद्धात पुन्हा रुमानियाकडे, १९४४ पासून पुन्हा सोव्हिएत संघाकडे, आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये. गावातल्या एखाद्या आजीने घराचा उंबरा न ओलांडता तीन-चार वेळा देश बदललेला असणार.

२००५ मध्ये युनेस्कोने या साखळीतली ३४ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून नोंदवली. ती आज दहा देशांत विखुरलेली आहेत. युक्रेनमध्ये चार, आणि त्यातलं सर्वांत दक्षिणेचं नेक्रासिव्काचं. २०२३ पासून इझमाईलच्या धान्यबंदरावर रशियाचे ड्रोन येऊन आदळत आहेत. तिथून हे गाव काही किलोमीटरवरच आहे.