ब्रिटनमध्ये हरणाच्या शिकारीसाठी रायफल परवाना: पात्रता, कागदपत्रं, कॅलिबर आणि नेम

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे हरणाच्या शिकारीचा प्रश्नच येत नाही. पुढची माहिती इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडपुरती आहे. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे. या तिन्ही ठिकाणी स्वतःची रायफल घेऊन हरणाच्या मागे जायचं तर पोलिसांचं फायरआर्म सर्टिफिकेट (बंदुकीचा परवाना) आणि जमीनमालकाची परवानगी, दोन्ही लागतात. परवानगी लेखीच घ्या, तोंडी बोलणं वादाच्या वेळी कामी येत नाही.

अर्ज कोण करू शकतं

सर्टिफिकेट १४ व्या वर्षापासून मिळू शकतं, पण बंदूक किंवा काडतुसं विकत घ्यायला १८ पूर्ण हवीत. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्यावर आजन्म बंदी असते. तीन महिने ते तीन वर्षं शिक्षा झाली असेल तर सुटकेपासून पाच वर्षं.

आधी कॅलिबर ठरवा, मग फॉर्म भरा

अर्जात प्रत्येक रायफलचं कॅलिबर (नळीच्या आतला व्यास) लिहावं लागतं आणि ती कशासाठी हवी याचं सबळ कारण द्यावं लागतं. अर्ज अडकतात ते बहुधा इथेच. नुसतं 'हरणासाठी' पुरत नाही. कोणत्या जातीचं हरण, कोणती जमीन, हे सांगा.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या डिअर ॲक्टनुसार कॅलिबर किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड (ऊर्जेचं एकक) लागते. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची, म्हणजे अंगात शिरल्यावर फुलणारी हवी. मुंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर या दोन लहान जातींना सूट आहे: .२२० इंच, १,००० फूट-पाउंड, गोळीचं वजन किमान ५० ग्रेन (वजनाचं लहान एकक). म्हणून .२२३ घेऊन मुंटजॅक चालतं, पण त्याच रायफलने इंग्लंडमध्ये रो हरण मारणं गुन्हा ठरतो. स्कॉटलंडमध्ये मात्र रो हरणाला .२२३ चालते, कारण तिथला कायदा कॅलिबर न बघता गोळीचं वजन, वेग आणि ऊर्जा बघतो.

पहिली रायफल म्हणून .२४३ सुचवावीशी वाटते. धक्का कमी बसतो, त्यामुळे ट्रिगर दाबताना डोळे मिटत नाहीत. मोठ्या रेड स्टॅगसाठी (रेड डिअर जातीचा नर) ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ कॅलिबरची रायफल जास्त भरवशाची. पण मोठं कॅलिबर चुकलेला नेम सुधारत नाही, पोटात बसलेली .३०८ ची गोळीसुद्धा जनावराला तासन् तास तडफडवते.

काय जोडायचं

फॉर्म २०१, फोटो, डॉक्टरकडून वैद्यकीय माहिती (खर्च आपला), जमिनीचा तपशील आणि दोन रेफरी (तुमच्याबद्दल खात्री देणारे ओळखीचे लोक). रेफरी किमान दोन वर्षं ओळखणारे हवेत. नातेवाईक, पोलीस किंवा बंदूक विक्रेते चालत नाहीत. जुना आजार किंवा जुनी केस लपवू नका, खोटी माहिती देणं हाच गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२५ पासून नव्या सर्टिफिकेटची फी १९८ पाउंड आहे. अधिकारी घरी येऊन बंदूक ठेवायचं कपाट बघतात: ते भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेलं हवं आणि किल्ली कुठे असते हे घरच्यांनाही माहीत नसावं.

नेम

डीएससी-१ ही हरणशिकारीची परीक्षा कायद्याने सक्तीची नाही, तरी नवख्याने द्यावीच. पोलीसही ती बघतात. परीक्षेच्या गोळीबाराच्या भागात आधी १०० मीटरवरून तीन गोळ्या चार इंचांच्या वर्तुळात बसवाव्या लागतात. हे जमत नसेल तर जनावरासमोर जाऊ नये.

हरिण पूर्ण आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर वर न्या. छातीच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो, तिथे नेम. खाली हृदय, वर फुप्फुसं, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. नेम चार बोटं मागे सरकला की यकृत, आणखी मागे पोट. डोक्यावर नेम धरू नका: डोकं ऐन वेळी हलतं, जबडा तुटतो आणि हरिण उपाशी मरतं. गोळी आरपार जाते, म्हणून मागे मातीचा उतार हवा आणि दुसरं हरिण नको.

बार बसल्यावरही हृदयात गोळी लागलेलं हरिण पन्नास-शंभर मीटर पळू शकतं. घाईने मागे धावू नका. ते उभं होतं ती जागा आधी बघा: गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. पाठ कमानीसारखी वाकली आणि हिरवट घाण सांडली तर पोट. मग वेळ जाऊ द्या आणि माग काढणारा कुत्रा मागवा. पडलेल्या हरणाजवळ मागून जा, काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर लगेच दुसरी गोळी.

सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या आठ आठवडे आधी पोहोचला, तर पोलिसांकडून उशीर झाला तरी जुनं सर्टिफिकेट आठ आठवड्यांपर्यंत आपोआप चालू राहतं.